'अल्गो' म्हणायचे कशाला? एका व्याख्येची पार्श्वभूमी

शेअर बाजारात माणसाऐवजी संगणक प्रोग्रामने पाठवलेल्या ऑर्डरीला 'अल्गो' (अल्गोरिदमचे लघुरूप) म्हणतात; पण नेमके कोणत्या ऑर्डरीला, हा प्रश्न तितका सोपा नाही. १९९४ साली मुंबईत पडद्यावरचे शेअर व्यवहार सुरू झाले आणि उपग्रहामार्गे देशभर पोहोचले. नागपूरच्या दलालाला बाजाराशी जोडणारी गच्चीवरची तबकडी हे त्या काळाचे चिन्ह. ३६ हजार किलोमीटर उंचावरच्या उपग्रहाकडे जाऊन संदेश खाली उतरेपर्यंत पाव सेकंद सरत असे. पण ऑर्डर माणूसच टंकत असल्याने त्याचे कोणाला काही वाटत नसे. २००० मध्ये इंटरनेटवरील व्यवहारांना आणि २००८ मध्ये संस्थात्मक ग्राहकांच्या थेट ऑर्डरींना मुभा मिळाली. पुढे दलालांचे सर्व्हर बाजाराच्याच आवारात ठेवण्याची सोय झाली आणि वेगाचा हिशेब मायक्रोसेकंदांवर (सेकंदाच्या दशलक्षांश भागांवर) आला. नागपूरहून सुमारे आठशे किलोमीटर काचेच्या तंतूतून जाऊन परतायला प्रकाशालाच आठ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे वेगाची ती शर्यत नागपुरातल्या आपल्यासाठी तिथेच संपली होती.

गुंता झाला तो शब्दाचा. बाजाराचा नियामक असलेल्या सेबीच्या २०१२ च्या परिपत्रकानुसार स्वयंचलित अंमलबजावणीच्या तर्कातून निघालेली कोणतीही ऑर्डर म्हणजे अल्गो. ही व्याख्या मोठ्या संस्थांची यंत्रणा डोळ्यांसमोर ठेवून केलेली दिसते, पण अक्षरशः वाचली तर 'निफ्टी निर्देशांक अमुक पातळीखाली गेला की विक' असे सांगणारा, पायथन या संगणकभाषेतला वीस ओळींचा प्रोग्रामही तिच्यात बसतो. दलालांनी किरकोळ ग्राहकांना एपीआय (ग्राहकाच्या प्रोग्रामला दलालाच्या यंत्रणेत थेट ऑर्डर पाठवू देणारी जोडणी) खुले केल्यावर असे प्रोग्राम घरोघरी लिहिले जाऊ लागले, आणि दलालाला मात्र ऑर्डर बोटाने दाबली की प्रोग्रामने पाठवली हे ओळखता येईना. डिसेंबर २०२१ च्या चर्चापत्रात यावर सरसकट तोडगा सुचवला गेला: एपीआयमधून आलेली प्रत्येक ऑर्डर अल्गोच मानावी. दिवसाला दोन ऑर्डरी टाकणारा हौशी आणि सेकंदाला शेकडो टाकणारी पेढी यांना एकाच मापाने मोजणारा हा प्रस्ताव, स्पष्टच सांगायचे तर, आळशीपणाचा होता.

फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने मधला मार्ग काढला. त्यापुढच्या नियमांत मर्यादा सेकंदाला दहा ऑर्डरींची ठरली; स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी ती ओलांडणाऱ्यालाच आपला अल्गो बाजाराकडे नोंदवावा लागतो. ग्राहकाला तर्क उघड असलेले आणि तर्क झाकलेले अल्गोही वेगळे काढले गेले, आणि दुसऱ्या प्रकारच्या विक्रेत्याला संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी आवश्यक झाली. म्हणजे यंत्राने निर्णय घेतला का, या प्रश्नाची जागा यंत्र किती वेगाने बोलते या प्रश्नाने घेतली. मोजायला हे सोपे आहे, यात वाद नाही.

प्रत्यक्ष कामात मात्र जाच होतो तो स्थिर आयपीच्या, म्हणजे ऑर्डर कायम एकाच न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्यावरून येण्याच्या अटीचा, कारण मर्यादेखालच्या एपीआय ग्राहकालाही ती लागू आहे. घरगुती ब्रॉडबँडचा पत्ता राउटर बंद करून सुरू केला तरी बदलू शकतो, आणि मग ऑर्डर नाकारली जाते. त्यामुळे नागपूरच्या धरमपेठेतल्या खोलीत लिहिलेला प्रोग्राम मुंबईत भाड्याने घेतलेल्या, पत्ता न बदलणाऱ्या क्लाउड सर्व्हरवर ठेवण्याचा उपाय केला जातो.