डिस्कमधला चोरकप्पा

जुन्या पेटाऱ्यातला चोरकप्पा मापामुळे उघडकीस यायचा. बाहेरून उंची दोन वीत, आतून दीडच भरली, की तळाशी काहीतरी आहे हे कळायचे. डिस्कवरचा चोरकप्पा म्हणजे कुलूपबंद साठ्याच्या आत लपवलेला, वेगळ्या पासवर्डने उघडणारा दुसरा साठा. त्याचा इतिहास म्हणजे ही दोन्ही मापे सारखी भरावीत यासाठीची खटपट.

ती करावी लागली, कारण पासवर्ड माणसाकडे असतो. कुलूप कितीही भक्कम असो, धाक दाखवला की किल्ली मिळते. 1997 साली कॅनेटी, ड्वॉर्क, नाओर आणि ऑस्ट्रोव्हस्की यांनी नाकबूल करता येईल अशा एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा बदलण्याच्या तंत्राची, गणिती मांडणी केली, पण ती संदेशांपुरती होती. त्याच सुमारास ज्युलियन असांज आणि सहकाऱ्यांनी मानवी हक्क कार्यकर्त्यांसाठी ‘रबरहोज’ हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. नावच मारहाणीच्या रबरी नळीवरून. एका डिस्कवर अनेक थर आणि प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. यातली जीवघेणी अडचण अशी, की एक पासवर्ड दिल्यावर ‘आता आणखी काही नाही’ हे खरे बोलणाऱ्यालाही सिद्ध करता येत नाही.

सर्वसामान्यांच्या हाती हे तंत्र आले ट्रूक्रिप्ट या मोफत प्रोग्रॅममुळे, 2004 मध्ये. कंटेनर, म्हणजे कुलूपबंद साठ्याची एकच मोठी फाइल, तयार होताना त्यातली रिकामी जागासुद्धा यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या, बाइट्सनी भरली जाते, आणि एन्क्रिप्टेड मजकूरही बाहेरून तसाच दिसतो. म्हणून 20 जीबीच्या कंटेनरमध्ये शेवटचे 6 जीबी रिकामे आहेत की भरलेले, हे सांगता येत नाही. 2014 मध्ये ट्रूक्रिप्ट बंद पडले. त्याआधीच, 2013 मध्ये, त्याच्यावरून व्हेराक्रिप्ट निघाले होते. त्यात पासवर्ड टाकला की आधी सुरुवातीचे हेडर, म्हणजे साठा उघडण्याची माहिती असलेला तुकडा, उलगडून पाहिले जाते. जुळले नाही, तर 65,536 बाइट पुढे जाऊन दुसरे. चोरकप्पा नसेल तेव्हा त्या जागीही यादृच्छिक बाइट्सच असतात.

घात होतो तो वापरताना. बाहेरचा व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरमधला दाखवायचा साठा, फॅट या साध्या फाइल-व्यवस्थेत फॉरमॅट करावा. एनटीएफएस ही विंडोजची नेहमीची फाइल-व्यवस्था स्वतःची माहिती बरोबर मधोमध ठेवते, त्यामुळे आतल्या व्हॉल्यूमला निम्म्याहून कमीच जागा उरते. नंतर बाहेर एखादी फाइल टाकायची असेल, तर माऊंट करताना, म्हणजे कंटेनर उघडून ड्राइव्हसारखा जोडताना, संरक्षणाचा पर्याय निवडून दोन्ही पासवर्ड द्यावे लागतात. हे विसरले, की विंडोजला ती जागा मोकळीच वाटते आणि आतल्या फाइलींवर नवे लिहिले जाते, कसलीही सूचना न देता.

2008 मध्ये सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांच्यासह काही संशोधकांनी ट्रूक्रिप्ट 5.1ए तपासले. गणिताला धक्का लागला नव्हता. चहाडी केली होती आजूबाजूच्या प्रोग्रॅमांनी. वर्डच्या ऑटोसेव्ह प्रती आणि विंडोज व्हिस्टाने आपणहून केलेले शॉर्टकट आतल्या फाइलींची खूण बाहेर ठेवून जात होते. त्याच वर्षी आलेल्या ट्रूक्रिप्ट 6.0 मध्ये अख्खी ऑपरेटिंग सिस्टिमच लपवण्याची सोय झाली.

मुंबईतल्या पत्रकाराला किंवा वकिलाला याबरोबर कायदाही ठाऊक हवा. आयटी कायद्याच्या कलम 69 खाली, 2008 च्या दुरुस्तीनंतर, डेटा उलगडून द्यायचा अधिकृत आदेश नाकारल्यास 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चोरकप्प्याने ही जबाबदारी टळत नाही. दुसऱ्या बाजूला राज्यघटनेचे कलम 20(3) आहे: आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या 1961 च्या निकालात 11 न्यायमूर्तींच्या पीठाने बोटांचे ठसे देणे ही स्वतःविरुद्धची साक्ष नाही असे ठरवले. पासवर्ड मात्र डोक्यात असतो, आणि वाद तिथेच आहे.

दोन मापे आजही घेता येतात. एकाच कंटेनरच्या वेगवेगळ्या दिवशीच्या दोन प्रती हाती लागल्या, की ‘रिकाम्या’ जागेतले बदललेले बाइट्स सरळ दिसतात. क्लाउडवर जुन्या आवृत्त्या राहिल्या तर त्या प्रती आपणच पुरवलेल्या असतात. दुसरे माप एसएसडीचे, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कचे. झीज वाटून घेण्यासाठी ती नवे लिखाण दुसऱ्याच पेशींत करते आणि जुनी प्रत मागे राहू शकते. मुंबईत संगणकाच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर या कामासाठी डिस्क घ्यायची असेल, तर फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क मागावी.