टेस्ट पायलट नसाल तर अंतराळवीर होता येत नाही?

"अंतराळवीर व्हायचं तर आधी लष्करात टेस्ट पायलट (म्हणजे नवीन विमानं उडवून त्यांची चाचणी घेणारा पायलट) व्हावंच लागतं" हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय, आणि तो अगदी हवेतून आलेला नाहीये. 1959 मध्ये अमेरिकेने पहिले 7 जण निवडले तेव्हा खरंच अट होती, लष्करी टेस्ट पायलट, 1500 तास उड्डाण, उंची 5 फूट 11 इंचांच्या आत (कॅप्सूलच तेवढी होती हो!). कारण सरळ आहे, यान नवीन, काय बिघडेल माहीत नाही, मग न घाबरता बिघाड शोधून नीट रिपोर्ट करणारा माणूसच पाहिजे ना.

पण रशियाचे पहिले अंतराळवीर साधे फायटर पायलट होते, टेस्ट पायलट नव्हेत. 1963 मध्ये गेलेली पहिली महिला तर कापड गिरणीत काम करणारी, पॅराशूट जम्पर. अमेरिकेनेही 1965 मध्ये शास्त्रज्ञ घेतले, आणि 1978 च्या 35 जणांत पायलट फक्त 15.

चेक करायचं तर भरतीची अधिकृत जाहिरात उघडा आणि पात्रता वाचा, अमेरिकेच्या जाहिरातीत कामाचा अनुभव "किंवा" पायलट म्हणून 1000 तास, बहुतेक जेटवरचे, असं असतं, सगळी गंमत त्या "किंवा"त आहे.