जबड्यातील सौम्य गाठी व सिस्ट

जबड्याच्या हाडात वाढणाऱ्या, पण कर्करोग नसलेल्या विकृतींत सिस्ट आणि अर्बुद (ट्यूमर) हे दोन प्रमुख गट. सिस्ट म्हणजे पेशींचे अस्तर असलेली, बहुधा द्रवाने भरलेली पोकळी. अर्बुद म्हणजे पेशींचीच वाढ. दात घडवणाऱ्या पेशींचे अवशेष जबड्यात मागे राहतात, त्यामुळे इतर हाडांपेक्षा इथे सिस्ट फार जास्त होतात.

बहुतेक गाठी बराच काळ दुखत नाहीत. गाल फुगतो, दात हलतो, नाहीतर दुसऱ्याच कारणाने काढलेल्या ओपीजी (दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या) एक्स-रेत काळा डाग दिसतो. पहिला प्रश्न त्या डागाचे दाताशी नाते काय, हा. नस मेलेल्या दाताच्या मुळाच्या टोकाशी तो असेल, तर बहुधा रॅडिक्युलर सिस्ट. सर्वाधिक आढळते ती हीच. म्हणून आसपासच्या दातांची नस जिवंत आहे का, हे आधी तपासतात. हिरडीखाली अडकलेल्या अक्कलदाढेच्या माथ्याभोवती पोकळी असेल, तर डेंटिजेरस सिस्टचा संशय येतो. साबणाच्या फेसासारखे कप्पे अमेलोब्लास्टोमा या अर्बुदात दिसतात, पण केराटोसिस्टमध्येही (केराटिन या नखा-केसांतल्या प्रथिनाने भरलेली सिस्ट) दिसू शकतात. एक्स-रेवरून ठाम निदान करू नये ते यासाठीच. शेवटचा शब्द बायोप्सीचा. त्याआधी सुईने द्रव ओढून पाहणे मात्र टाळू नये: घट्ट पांढरट केराटिन आले तर केराटोसिस्टचा संशय बळावतो, पण जोराने ताजे रक्त आले तर ती रक्तवाहिन्यांची विकृती असू शकते, आणि तिथे सुरी लावणे जिवावर बेतू शकते.

वर्गीकरणाचा आधार जागतिक आरोग्य संघटनेचा. पहिली आवृत्ती 1971 ची. केराटोसिस्टचे स्थान त्यात सर्वांत वादग्रस्त ठरले. ती पुन्हा पुन्हा उद्भवते, तिच्यात पेशींची वाढ आवरणाऱ्या पीटीसीएच1 जनुकातील बदल सापडतात, म्हणून 2005 मध्ये तिला अर्बुद ठरवले. पुरावा अपुरा मानून 2017 मध्ये तिला परत सिस्टमध्ये आणले. 2022 च्या आवृत्तीतही ती तिथेच आहे. रुग्णाच्या दृष्टीने मात्र गटापेक्षा तिची उलटण्याची सवय महत्त्वाची: पातळ अस्तराचा तुकडा किंवा शेजारची बारीक उपसिस्ट राहून गेली, तर अनेक वर्षांनीही ती परतते.

अमेलोब्लास्टोमाला ‘सौम्य’ म्हणतात, तरी तो हाडाच्या जाळीत शिरतो. नुसता खरवडला तर बऱ्याचदा परततो. म्हणून सहसा भोवतीच्या निरोगी हाडासह काढतात. बायोप्सीत अनेक केंद्रके असलेल्या महाकाय पेशी दिसल्या, तर रक्तातील कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासावेच लागते, कारण मूळ दोष जबड्यात नसून मानेतल्या ग्रंथीत असू शकतो.