वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानमार्ग

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातल्या दोन बेटांना जोडणारा हा मार्ग जगातील सर्वांत कमी अंतराची नियमित प्रवासी विमानसेवा म्हणून ओळखला जातो. दोन विमानतळांमधील सरळ अंतर जेमतेम २.७ किमी. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीच सुमारे ३.४ किमी लांब आहे. म्हणजे इथला सगळा प्रवास तिच्या लांबीहूनही कमी अंतराचा आहे.

लोगनेअर कंपनीने ही सेवा १९६७ मध्ये सुरू केली. वेळापत्रकात प्रवासाला दोन मिनिटे दिलेली असतात आणि विमान जमिनीवर चालवत नेण्याचा वेळही त्यातच धरलेला असतो. वारा अनुकूल असला की हवेतला वेळ दीड मिनिटाच्याही आत येतो. वैमानिक स्टुअर्ट लिंकलेटर यांच्या नावावर ५३ सेकंदांचा विक्रम आहे. त्या उड्डाणाचा सरासरी वेग काढला तर तो ताशी सुमारे १८३ किमी भरतो. ९० सेकंद लागले तर तोच ताशी १०८ किमीवर येतो. या मार्गावरचे ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे दोन पंख्यांचे छोटे विमान याहून बरेच वेगाने उडू शकते, पण तो वेग पकडेपर्यंत उतरायची वेळ झालेली असते. अंतराला विमानाच्या कमाल वेगाने भागून उड्डाणाचा वेळ काढण्याची सोपी रीत लांबच्या प्रवासाला बऱ्यापैकी लागू पडते, इथे मात्र ती पार फसते. विमान शक्यतो वाऱ्याच्या समोर उडवतात आणि उतरवतात. त्यामुळे वाऱ्याने उलट्या दिशेला निघायला लावले, तर वळसा घ्यावा लागतो, आणि एवढ्याशा प्रवासात एक वळसाही वेळ कितीतरी वाढवतो.

विमानात आठ प्रवासी बसतात. वैमानिक एकच, हवाई सेवक कोणी नाही; एखाद्या प्रवाशाला वैमानिकाशेजारची जागाही मिळते. ही झेप बहुधा कर्कवॉल या ऑर्कनीच्या मुख्य गावाहून निघून दोन्ही बेटांना स्पर्श करत परत येणाऱ्या फेरीचा एक टप्पा असते, आणि मार्ग टिकण्याचे खरे कारण तेच. नुसत्या दोन मिनिटांसाठी विमान ठेवणे कोणालाच परवडले नसते. ऑस्ट्रिया-जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवरील बोडेन सरोवरावरून आल्टेनऱ्हाइन ते फ्रीडरिक्सहाफेन ही सुमारे २० किमीची, आठ मिनिटांची सेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. तिथे सरोवराला वळसा घालून जाणारा रस्ता होता.

ऑर्कनीच्या या दोन बेटांना जोडणारा रस्ता नाही. दोन बेटांमध्ये प्रवासी बोट आहे, पण उत्तर अटलांटिकचा समुद्र खवळला की तिचा भरवसा नसतो. त्यामुळे सुमारे नव्वद वस्तीच्या पापा वेस्ट्रेसाठी विमान ही चैन नाही, म्हणूनच सेवेला सरकारी अनुदान मिळते. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण, विद्यार्थी हे नेहमीचे प्रवासी. त्यांच्यात पुरातत्त्वज्ञांचीही भर पडते, कारण पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची नॅप ऑफ हॉवर ही दगडी घरे याच बेटावर आहेत. केवळ विक्रमी उड्डाणाची हौस भागवायला येणाऱ्यांना प्रमाणपत्रही दिले जाते.