हॉफमन, मॅट (बीएमएक्स फ्रीस्टाइल)

हॉफमन, मॅट : (९ जानेवारी १९७२ – ). अमेरिकन बीएमएक्स फ्रीस्टाइल (छोट्या चाकांच्या सायकलवर करामती करण्याचा खेळ) रायडर, सायकल कंपनीचा मालक आणि स्पर्धांचा आयोजक. ओक्लाहोमा राज्यातला, तिथेच वाढला आणि नाव झाल्यावरही कॅलिफोर्नियाला कायमचा गेला नाही, जे त्या काळात या खेळात जवळपास सगळेच करायचे. टोपणनाव 'द काँडॉर'. व्हर्ट (सरळ उभ्या कडेच्या रॅम्पवरच्या) प्रकारात दहा वेळा जगज्जेता असं त्याच्याबद्दल सगळीकडे छापलेलं असतं, फक्त त्यातली बरीच वर्षं अशी आहेत की तेव्हा या खेळाला आजच्यासारखी एकच मान्य जागतिक संघटना नव्हती, म्हणून हा आकडा त्या त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धामालिकांचा समजावा.

फ्रीस्टाइल नेमकं कुठून सुरू झालं याबद्दल एकमत नाही. वीस इंची चाकांच्या सायकलींची रेसिंग दक्षिण कॅलिफोर्नियात १९७० च्या आसपास सुरू झाली इथपर्यंत वाद कमी आहे (सांता मोनिका आधी की लाँग बीच आधी, हा आहेच), पण रेस सोडून नुसत्या करामती करण्याची सुरुवात काही जण काँक्रीटच्या स्केटपार्कमध्ये सायकली घुसवणाऱ्या पोरांपासून धरतात, साधारण १९७५-७६, तर काही जण सगळं श्रेय बॉब हारो या रायडरला देतात. हारोने शो केले, कंपनी काढली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खास फ्रीस्टाइलसाठी फ्रेम बाजारात आणली, त्यामुळे धंदा म्हणून खेळ उभा करण्याचं श्रेय त्याचंच म्हणावं लागेल, शोध मात्र एकट्याचा वाटत नाही.

हॉफमन या खेळात आला तेव्हा तेजी होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तेरा-चौदा वर्षांचा असताना तो हौशी गटात चमकला, आधी स्कायवे या कंपनीच्या आणि मग हारोच्या टीमवर गेला आणि १९८९ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, प्रो झाला. त्याच वर्षी कॅनडातल्या किचनर, ओंटारिओ इथल्या स्पर्धेत त्याने सायकलवर पहिला ९०० मारला. टोनी हॉकचा स्केटबोर्डवरचा गाजलेला ९०० आला १९९९ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी, आणि तरीही '९०० कोणी आधी केला' विचारलं की लोक हॉकचंच नाव घेतात, टीव्हीचा प्रताप, दुसरं काय.

९०० म्हणजे अडीच गिरक्या. अडीचच का, दोन किंवा तीन का नाही, हे व्हर्ट रॅम्प समजल्याशिवाय कळत नाही. या रॅम्पचा वरचा भाग अगदी सरळ उभा असतो, रायडर तोंड आकाशाकडे करून वर जातो आणि पुन्हा त्याच भिंतीवर उतरतो, त्यामुळे उतरताना पुढचं चाक खाली हवं असेल तर किमान अर्धी गिरकी घ्यावीच लागते. मग १८०, ५४०, ९०० या सगळ्यात माणूस सरळ उतरतो. ३६० आणि ७२० मध्ये उलटा उतरतो, सायकल मागे धावते आणि साध्या फ्रीव्हीलची सायकल असेल तर पेडलही उलटे फिरायला लागतात, ते पायांनी सांभाळावं लागतं. म्हणजे ५४० च्या पुढची सरळ उतरायची पायरी थेट ९००, मध्ये सोपी पायरीच नाही. फ्लेअर या ट्रिकचं गणितही हेच आहे. सायकलवरची बॅकफ्लिप होजे यान्येझ नावाच्या रायडरने १९८० च्या दशकातच केली होती, पण ती रॅम्पवरून रॅम्पवर. व्हर्टवर नुसती बॅकफ्लिप मारली तर माणूस उलटा उतरेल म्हणून तिला अर्धी गिरकी जोडायची. ही जोडणी हॉफमनची, साधारण १९९० ची मानतात. पुढे २००२ च्या एक्स गेम्समध्ये त्याने दोन्ही हात सोडून ९०० मारला.

पण प्रो होता होताच बाजार बसला. १९८९ नंतरच्या तीन-चार वर्षांत सायकली खपेनात, स्पॉन्सर निघून गेले, मासिकं बंद पडली, चांगले चांगले रायडर नोकरीला लागले. हॉफमनचं खरं काम माझ्या मते इथून सुरू होतं, ट्रिक्सची यादी त्यापुढे दुय्यम आहे. बाजारातल्या फ्रेम त्याच्या उड्यांखाली टिकत नव्हत्या म्हणून त्याने स्वतःची कंपनी काढली, हॉफमन बाइक्स (वर्ष कुठे १९९१ तर कुठे १९९२, बहुधा ठरवणं आणि माल बाहेर पडणं यातला फरक). पैशासाठी स्प्रॉकेट जॉकीज नावाची शो टीम घेऊन जत्रांमध्ये खेळ केले. आणि कोणी स्पर्धा घेत नाही म्हटल्यावर १९९२ पासून बायसिकल स्टंट ही मालिका स्वतःच चालवली. पुढे ईएसपीएन वाहिनीला १९९५ च्या एक्स्ट्रीम गेम्ससाठी (नंतरचे एक्स गेम्स) बीएमएक्स हवं होतं तेव्हा ही घडी तयारच होती. ऱ्होड आयलंडमधल्या त्या पहिल्या वर्षी व्हर्टचं सुवर्ण हॉफमनचंच, १९९६ मध्येही त्याचंच, डेव्ह मिरा दुसरा. नंतर मिराने पदकांच्या बाबतीत सगळ्यांना मागे टाकलं, तो भाग वेगळा.

उंचीचा विक्रम हा सगळ्यात भांडणाचा विषय. नेहमीच्या रॅम्पवर पाय मारून मिळणाऱ्या वेगाला मर्यादा असते, म्हणून हॉफमनने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एकवीस फुटी क्वार्टर पाइप (एकाच बाजूची वक्र भिंत असलेला रॅम्प) बांधला आणि मोटरसायकलमागे दोरी धरून वेग घ्यायला लागला. एका हातात हँडल, दुसऱ्यात दोरी, भिंत जवळ आली की दोरी सोडायची. अधिकृत आकडा २० मार्च २००१ चा आहे, ओक्लाहोमा सिटीत, २४ फुटी रॅम्पच्या वर २६ फूट ६ इंच, म्हणजे ८.०७ मीटर. हा आकडा रॅम्पच्या कडेपासून मोजलेला आहे, जमिनीपासून नाही, जमिनीपासून धरलं तर पन्नास फुटांच्या वर जातो आणि काही लेखांमध्ये हे दोन्ही आकडे सरमिसळ होऊन येतात. साधं गणित केलं तर (घर्षण वगैरे सोडून) एवढं वर जायला रॅम्पच्या पायथ्याशी ताशी ६२-६३ किमी वेग लागतो आणि कडेच्या वर माणूस अडीच सेकंद हवेत असतो. २००८ मध्ये केव्हिन रॉबिन्सनने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २७ फूट गाठले, पण दोरीने नाही, उंच उतारावरून घरंगळत येऊन. मग दोन्ही एका यादीत ठेवायचे का? वेग कुठूनही आणा, चाकं कडेच्या वर किती गेली तेवढंच बघा असं म्हणणारे आहेत, पण वेग घेण्याची रीत वेगळी असेल तर नोंदही वेगळी ठेवणं जास्त बरोबर वाटतं.

याची किंमत शरीराने मोजली. १९९३ मध्ये पडून प्लीहा फाटली आणि आतल्या रक्तस्रावाने तो मरता मरता वाचला. एकूण ऑपरेशनं वीसच्या वर. गुडघ्यात कृत्रिम लिगामेंट बसवताना भूल घेतली नाही आणि सगळं जागेपणी बघितलं असं तो स्वतः सांगतो. याच दशकाच्या शेवटी नॉर्वेत तीन हजार फुटांहून उंच कड्यावरून सायकलसकट उडी टाकून पॅराशूट उघडल्याचीही नोंद आहे. सायकलिंगच्या इतिहासात ती कुठे बसवायची कोण जाणे.

नंतरच्या काळातलं छापील कमी सापडतं. ॲक्टिव्हिजन कंपनीचा त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम २००१ चा, आत्मकथन २००२ चं, उंच उड्यांवरची ईएसपीएनची डॉक्युमेंटरी २०१० ची. ओक्लाहोमा सिटीत त्याच्या नावाचा स्केटपार्क आहे. काही काळ तो बीएमएक्स फ्रीस्टाइलच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनचा अध्यक्ष होता, पुढे मात्र खेळाची जागतिक सूत्रं सायकलिंगची जुनी संघटना यूसीआयकडे गेली आणि टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये (२०२१ मध्ये झालेल्या) फ्रीस्टाइल आलं, पुरुषांत ऑस्ट्रेलियाचा लोगन मार्टिन आणि महिलांत ब्रिटनची शार्लट वर्दिंग्टन पहिले विजेते. तो प्रकार पार्क, म्हणजे अनेक रॅम्प असलेल्या मैदानावरचा, साठ सेकंदांच्या फेऱ्यांचा. व्हर्टला ऑलिंपिकमध्ये जागा मिळालेली नाही.