क्लबच्या नियमित भेटींसाठी पब निवडताना : ब्रिटनमधील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ब्रिटनमध्ये मराठी मंडळे, वाचनगट, भटकंतीचे गट, क्रिकेट क्लब आणि माजी विद्यार्थ्यांचे कट्टे चालवणाऱ्या कार्यवाहांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. अशा गटांना दरमहा किंवा दर पंधरवड्याला भेटण्यासाठी जागा शोधून देणे हे आमच्या छोट्या संस्थेचे काम आहे. आम्ही कोणत्याही पबकडून दलाली घेत नाही. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते केवळ आपल्या सभासदांची सोय डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

क्लबाने पबात भेटण्याची रीत या देशात जुनी आहे. फुटबॉल असोसिएशनची स्थापना 26 ऑक्टोबर 1863 रोजी लंडनमधल्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये झाली. ऑक्सफर्डमध्ये टॉल्किन आणि सी. एस. लुइस या लेखकांच्या मित्रमंडळाची मंगळवारी सकाळी ‘ईगल अँड चाइल्ड’ या पबात बैठक जमत असे, आणि पुढे ती जागा सोयीची राहिली नाही तेव्हा मंडळी रस्ता ओलांडून समोरच्या ‘लँब अँड फ्लॅग’मध्ये बसू लागली. सभागृहाचे भाडे, स्वयंपाकाची जबाबदारी आणि शेवटी खुर्च्या उचलण्याचे काम या तिन्ही गोष्टींतून पब आपल्याला मोकळे करतो, आणि उशिरा येणाऱ्याला किंवा लवकर निघणाऱ्यालाही तिथे अवघडल्यासारखे होत नाही. नियमित भेटींसाठी पब सुचवताना आम्हाला संकोच वाटत नाही तो यामुळेच.

मात्र निवड करताना बहुतेक गट चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. समितीतले दोन-तीन उत्साही सभासद आपल्या आवडीचा पब सुचवतात, तिथली बिअर उत्तम असते, इमारत देखणी असते, आणि तेवढ्यावर निर्णय होतो. आमचे मत असे आहे की पब निवडताना ज्याला तिथे येणे सर्वांत अवघड आहे अशा सभासदाचा विचार आधी करावा: जो मद्य घेत नाही, जिला पायऱ्या चढता येत नाहीत, जो शाकाहारी आहे, जिला शेवटची गाडी पकडायची आहे, किंवा जो पहिल्यांदाच येतो आहे आणि कोणालाही ओळखत नाही. या मंडळींची सोय झाली की उरलेल्यांची आपोआप होते. उलट्या क्रमाने गेल्यास ती होत नाही, आणि काही महिन्यांत टेबलाभोवती तेच चार-पाच जण उरतात.

वार आणि वेळ

पब पाहायला शनिवारी दुपारी जाऊ नये. ज्या वारी आणि ज्या वेळी आपला गट भेटणार आहे, त्याच वारी आणि त्याच वेळी जावे, कारण एकच पब सोमवारी रात्री आणि बुधवारी रात्री अगदी निराळा असतो. मंगळवार-बुधवारी फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगचे सामने असतात आणि मोठा पडदा असलेल्या पबात त्या रात्री शेजारच्या माणसाचेही बोलणे ऐकू येत नाही. प्रश्नमंजूषेची रात्र बहुतेक पबांत आठवड्याच्या मधल्याच एखाद्या दिवशी ठेवलेली असते आणि ध्वनिक्षेपकावरून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपुढे कोणाचीही चर्चा टिकत नाही. सोमवार सर्वांत शांत असतो, पण पुष्कळ पबांचे स्वयंपाकघर सोमवारी बंद असते आणि काही पब तर त्या दिवशी उघडतच नाहीत. शिवाय मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार, तसेच इंग्लंड-वेल्समध्ये ऑगस्टचा शेवटचा सोमवार हे सुट्टीचे दिवस असल्याने सोमवारी भेटणाऱ्या गटाचे वेळापत्रक तेवढ्यापुरते विस्कळीत होते. या सगळ्याचा विचार करून आम्ही सहसा गुरुवार सुचवतो. त्या दिवशी थोडी वर्दळ असते, पण स्वयंपाकघर चालू असते.

एकदा वार ठरला की तो सहजासहजी बदलू नये. महिन्याचा दुसरा गुरुवार म्हणजे दुसरा गुरुवारच, हे सभासदांच्या अंगवळणी पडले म्हणजे निरोप पोहोचला नाही तरी माणसे येतात.

आवाज आणि बैठक

आमच्या अनुभवात गट मोडण्याचे सर्वांत मोठे कारण आवाज हे आहे, आणि जागा पाहताना त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. गालिचे काढून उघडी लाकडी जमीन केलेल्या, उंच छताच्या आणि पडदे नसलेल्या दालनात वीस माणसांचे बोलणेही घुमते. जुन्या पबांतील गालिचे, गादीच्या बैठका आणि लाकडी आडोशांनी वेगळे केलेले कोपरे जुनाट दिसत असतील, पण ते आवाज शोषून घेतात. जागा पाहायला दोघांनी जावे, टेबलाच्या दोन टोकांना बसावे आणि नेहमीच्या आवाजात पाच मिनिटे बोलून पाहावे. पुढे झुकावे लागले किंवा एखादे वाक्य पुन्हा विचारावे लागले, तर ती जागा आपल्या कामाची नाही. कानाला यंत्र लावणाऱ्या ज्येष्ठ सभासदाला तिथे काहीच समजणार नाही आणि तो तसे बोलूनही दाखवणार नाही.

टेबलांची मांडणीही पाहावी. बारा जणांना एका लांबलचक टेबलावर बसवले की प्रत्येकाचा संवाद शेजारच्या दोघांशी आणि समोरच्या तिघांशीच होतो. कोपऱ्यातील दोन-तीन छोटी टेबले काटकोनात जोडली तर सर्वांचे चेहरे एकमेकांना दिसतात आणि नव्याने आलेल्याला मध्ये जागा करून देता येते. टेबले हलवण्यास हरकत आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

वरच्या मजल्यावरील स्वतंत्र खोली अनेकांना मोहात पाडते. कवितावाचन, बुद्धिबळ किंवा समितीची सभा असेल तर ती उपयोगी पडते, परंतु केवळ गप्पांसाठी आम्ही तळमजल्यावरील मागची खोली अधिक पसंत करतो. वरच्या खोलीला बहुधा उद्वाहक नसतो, स्वच्छतागृह कधी तळघरात तर कधी आणखी वरच्या मजल्यावर असते, आणि पेयासाठी दर वेळी जिना उतरावा लागतो. दिव्यांग ग्राहकांसाठी वाजवी सोयी करणे 2010 च्या समानता कायद्याने सेवा देणाऱ्यांवर बंधनकारक केले आहे. तरीही शतकानुशतके जुन्या, वारसा म्हणून जपलेल्या इमारतीत रुंद दार किंवा सपाट प्रवेश प्रत्येक वेळी शक्य होत नाही. म्हणून दूरध्वनीवरील ‘हो, सोय आहे’ या उत्तरावर विसंबू नये. दारापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून स्वच्छतागृहापर्यंत स्वतः चालून पाहावे.

खाणे-पिणे

मराठी गटांमध्ये शाकाहारी सभासद असतातच आणि त्यांच्यासाठी केवळ पदार्थांच्या यादीतील हिरवी खूण पुरेशी नसते. बटाट्याच्या चिप्स शाकाहारीच असतील असे आपण गृहीत धरतो, पण अनेक स्वयंपाकघरांत त्या मासे तळलेल्याच तेलात तळल्या जातात, आणि उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशरमध्ये, गाईच्या चरबीत तळण्याची पद्धत अजूनही आढळते. पिंपातून दिली जाणारी पारंपरिक कास्क बिअर निवळण्यासाठी काही ब्रुअरी आयसिंग्लास वापरतात, आणि ते माशाच्या वाताशयापासून तयार होते. आता आयसिंग्लासविना केलेल्या बिअरही मिळतात. कट्टर शाकाहारी सभासदाला या गोष्टी आधी सांगणे हे यजमान गटाचे कर्तव्य आहे असे आम्ही मानतो. ॲलर्जी निर्माण करणाऱ्या 14 घटकांची माहिती देणे खाद्यविक्रेत्यांना कायद्याने सक्तीचे आहे. तेव्हा शेंगदाणे, तीळ, दूध, ग्लुटेन यांविषयी विचारताना संकोचू नये.

मद्य न घेणाऱ्यांसाठी काय उपलब्ध आहे हे काउंटरवर उभे राहून पाहावे. बिनअल्कोहोलची बिअर नळातून मिळते की फ्रीजच्या तळाशी एकच बाटली पडलेली आहे, यावरून त्या पबची वृत्ती कळते. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागेत बसून पिणाऱ्या ग्राहकाला मागितल्यास पिण्याचे पाणी मोफत द्यावे लागते, हेही सभासदांना ठाऊक असावे.

आळीपाळीने एकाने सर्वांसाठी पेये आणण्याची इथली प्रथा, जिला राउंड म्हणतात, आठ-दहा जणांच्या गटात टाळावी असे आम्ही स्पष्टपणे सुचवतो. ज्याला संत्र्याचा रस हवा आहे त्याच्यावर पाच पिंटांचा खर्च पडतो, आणि 568 मिलिलिटरचा एक पिंट ज्याला पुरेसा आहे त्याच्या पुढ्यात तिसरा येऊन पडतो. प्रत्येकाने स्वतःचे पेय स्वतः आणावे किंवा दोघा-तिघांनी मिळून आणावे, हा नियम पहिल्याच भेटीत सांगून टाकलेला बरा. तसेच एका सभासदाच्या कार्डावर सगळ्यांचे बिल चालू ठेवणे सोपे वाटले तरी निघताना हिशेब जुळत नाही आणि तुटीचा भुर्दंड त्याच सभासदाला सोसावा लागतो.

मुले बरोबर येणार असतील तर पबचा स्वतःचा नियम विचारावा, कारण परवान्याच्या अटींनुसार किंवा मालकाच्या धोरणानुसार पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर मुलांना थांबू दिले जात नाही. मद्य विकत घेण्याचे वय 18 आहे. आपल्याकडची तरुण दिसणारी मंडळी भारतातून नुकतीच शिकायला आलेली असल्यास त्यांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

गाणे म्हणणाऱ्या गटांसाठी एक सोयीची बाब अशी की, 2012 च्या लाइव्ह म्युझिक कायद्यानंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये सकाळी 8 ते रात्री 11 या वेळेत ध्वनिवर्धकाशिवाय केलेल्या गायन-वादनासाठी वेगळा परवाना लागत नाही. पेटीवर भावगीते म्हणायची असतील तर पबचालकाची संमती मात्र अवश्य घ्यावी, आणि इतर ग्राहकांचाही विचार करावा.

माणूस ओळखून घ्यावा

पबची मालकी कशी आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, परंतु नियमित गटासाठी तो महत्त्वाचा आहे. काही पब मोठ्या कंपन्यांचे असतात आणि पगारी व्यवस्थापक ते चालवतात. काही कंपनीच्या किंवा ब्रुअरीच्या मालकीचे असून भाडेकरू ते चालवतात आणि करारानुसार ठरलेल्या पुरवठादाराचीच बिअर घेतात. फलकावर ‘फ्री हाउस’ लिहिलेला पब अशा कराराने बांधलेला नसतो. व्यवस्थापक बदलला की तोंडी ठरलेले सारे पुसले जाते, म्हणून पगारी व्यवस्थापकाच्या पबात राखीव जागेचा तपशील ईमेलवर लेखी घ्यावा. जिथे चालक स्वतः काउंटरमागे उभा असतो, तिथे दोन-तीन भेटींतच तो आपल्या गटाला ओळखू लागतो आणि न सांगता टेबल राखून ठेवतो. तशी जागा मिळाली तर बिअर थोडी डावी असली तरी सोडू नये.

वेस्ट मिडलंड्समधील आमच्या ग्राहकांना आम्ही देसी पब आवर्जून दाखवतो. 1960 च्या दशकात स्मेथिक आणि आसपासच्या पबांत भारतीय कामगारांना प्रवेश नाकारला जात असे किंवा वेगळ्या खोलीत बसवले जात असे. याविरुद्ध इंडियन वर्कर्स असोसिएशनने लढा दिला, फेब्रुवारी 1965 मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांनी स्मेथिकला भेट दिली, आणि त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणी असा भेदभाव करणे बेकायदा ठरवले. पुढे पंजाबी चालकांनी त्या भागातले पब चालवायला घेतले, आणि आज तिथे तंदुरी मिक्स्ड ग्रिल आणि पिंट एकाच टेबलावर येतात, शाकाहारी जेवणाची चिंता राहत नाही आणि मोठ्याने हसण्याबद्दल कोणी वळून पाहत नाही.

पबचे अर्थकारण सध्या बिकट आहे. 2000 साली देशात साठ हजारांहून अधिक पब होते, ते आता पन्नास हजारांच्याही खाली आले आहेत. तीन तास टेबल अडवून दोन लिंबूपाण्यांवर भागवणारा गट चालकाला परवडत नाही, हे आपणही समजून घ्यायला हवे. किमान खर्चाची अट किंवा अनामत रक्कम मागितली तर ती अवाजवी आहे का हे पाहावे, पण मागितली म्हणून रागावू नये. शांत वारी येऊन जेवण मागवणाऱ्या गटाकडून बहुतेक चालक खोलीचे भाडे घेत नाहीत.

परतीच्या प्रवासाचे गणित आधीच करावे. गाडी चालवणाऱ्यांनी मद्य घेऊ नये हे तर आहेच, शिवाय स्कॉटलंडमधील मर्यादा 2014 पासून इंग्लंड-वेल्सपेक्षा कडक, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम आहे. स्थानकापासून दिवे असलेल्या रस्त्याने दहा मिनिटांत पोहोचता येईल अशी जागा गावाबाहेरच्या सुंदर पबापेक्षा आपल्या गटाला अधिक वर्षे पुरेल.

आमच्याकडे येताना गटाची सरासरी उपस्थिती, ठरवलेला वार, शाकाहारी आणि मद्य न घेणाऱ्या सभासदांची अंदाजे संख्या, आणि चाकाची खुर्ची किंवा श्रवणयंत्र वापरणारे कोणी आहे का, एवढी माहिती आणावी. डिसेंबरच्या भेटीचे आरक्षण सप्टेंबरमध्येच पक्के करून घ्यावे, कारण नाताळच्या मेजवान्यांसाठी त्या महिन्यात नियमित गटांची टेबले दुसऱ्यांना दिली जातात.