गाडी डावीकडे ओढते, मग दोष डाव्या चाकात की उजव्या?

कुंभार्ली घाट उतरताना पहिल्यांदा लक्षात आलं. वळणाआधी ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावीकडे जाऊ पाहायचं, आणि पाय उचलला की गाडी पुन्हा सरळ. चिपळूणला पोचल्यावर गॅरेजमध्ये सांगितलं, "डावीकडे ओढते." त्यांनी डावं चाक उघडलं, ब्रेकचे पॅड बदलले. दोन दिवसांनी पुन्हा तेच, आणि पुन्हा डावंच चाक उघडलं गेलं. शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने माझं ऐकून घेतलं आणि आधी उजवं चाक काढलं. उजव्या कॅलिपरचा, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन गंजून अडकला होता. डावा ब्रेक व्यवस्थित धरत होता. उजवा धरतच नव्हता.

तेव्हापासून "गाडी ओढते" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो: ब्रेक धरत नाही, की सुटत नाही? हे दोन दोष स्टिअरिंगवर जवळपास सारखेच जाणवतात, पण त्यांची चाकं वेगळी असतात.

होडीचं उदाहरण घ्या. डाव्या बाजूचं वल्हं पाण्यात दाबून धरलं की होडी डावीकडे वळते. गाडीचंही तसंच: ज्या बाजूचा ब्रेक जास्त धरतो, त्या बाजूला गाडी जाते. जास्त धरण्याची कारणं मात्र दोन असू शकतात. डावा ब्रेक खरोखरच अडकून बसलेला असेल, किंवा डावा ठणठणीत असेल आणि उजवा कमी पडत असेल. ओढ डावीकडेच, पण पहिल्या वेळी बिघाड डावीकडे आणि दुसऱ्या वेळी उजवीकडे. ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात, म्हणून ही तपासणी पुढच्या दोन चाकांपासून सुरू करायची.

न धरणाऱ्या ब्रेकची खूण अशी की ब्रेक न लावता गाडी अगदी सरळ चालते. ओढ येते ती फक्त पेडल दाबल्यावर, आणि जितकं जोरात दाबाल तितकी वाढते. दोषी चाक थंड राहतं, त्याचे पॅड कमी झिजतात, डिस्कवर कधीकधी गंजाचा पट्टा तसाच राहतो. न सुटणारा ब्रेक उलट वागतो. पाय उचलल्यावरही तो थोडा धरूनच असतो, त्यामुळे गाडी साध्या चालीतही हळूच त्या बाजूला सरकते, न्यूट्रलमध्ये सोडली तर लवकर थांबते, पेट्रोल जास्त पिते. त्या चाकावर काळी भुकटी जास्त साचते आणि थांबल्यावर करपल्यासारखा वास येतो.

यात एक फसवी गोष्ट आहे. न सुटणारा ब्रेक लांबच्या प्रवासात इतका तापतो की त्याच्या पॅडची पकडच कमी होते. मग जोरात ब्रेक दाबला तर गाडी दुसऱ्याच बाजूला जाते. सकाळी डावीकडे ओढणारी गाडी घाटाच्या पायथ्याशी उजवीकडे ओढू लागली, तर ते दोन बिघाड असतीलच असं नाही. अशी गाडी घाटात नेऊच नका.

म्हणून सर्वात खरं उत्तर उष्णता देते. सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरत चालवा, थांबताना हलकेच थांबा आणि दोन्ही पुढच्या डिस्कचं तापमान लांबून मोजणाऱ्या थर्मामीटरने पाहा. गॅरेजमध्ये तो आता सर्रास असतो. कोविडच्या काळातला कपाळावर धरायचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो अंगाच्या तापापुरताच मोजतो. ब्रेक फारसा न वापरताही एक डिस्क दुसरीपेक्षा खूप गरम असेल तर तो ब्रेक सुटत नाही. दोन्ही सारख्याच असतील तर रिकाम्या रस्त्यावर पाच-सहा वेळा चांगला ब्रेक लावून पुन्हा मोजा. आता जी डिस्क कमी तापलेली असेल, तिचा ब्रेक धरत नाही. हात लावून पाहण्याचा मोह टाळा, तापलेली डिस्क कातडी सोलून काढते.

बाजू कळली की त्या चाकात नेमकं काय अडकलंय ते पाहायचं. बहुतेक लहान गाड्यांच्या कॅलिपरमध्ये एकाच बाजूला पिस्टन असतो आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड आणतो. पिना सुकून किंवा गंजून अडकल्या तर पिस्टनकडचा आतला पॅड जास्त झिजतो, बाहेरचा जाडच राहतो. पिना हाताने सहज सरकत असतील आणि तरी चाक धरत किंवा सुटत नसेल, तर संशय पिस्टनवर किंवा होजवर, म्हणजे कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या नळीवर.

रबरी होज हा यातला सगळ्यात लबाड भाग. बाहेरून नवाकोरा दिसतो, पण आतलं रबर सुटून पडद्यासारखं झुलू लागतं. पेडलचा जोर मोठा असल्यामुळे ब्रेक ऑइल आत जातं, पण परत येताना जोर नसतो आणि पडदा वाट अडवतो. कधी उलटही होतं: ऑइल उशिरा पोचतं, म्हणून ब्रेक दाबल्याच्या क्षणी गाडी एकीकडे झटका देते आणि लगेच सरळ होते. होज आणि कॅलिपर यांच्यातला फरक मेकॅनिक असा ओळखतो. गाडी जॅकवर आणि स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी, ब्रेक दाबून सोडलेला, आणि चाक हाताने फिरत नाही. आता कॅलिपरचा ब्लीडर निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, किंचित सैल केला. ऑइलची पिचकारी उडून चाक सुटलं तर आत दाब अडकला होता, म्हणजे पहिला संशय होजवर. चाक तरीही घट्टच राहिलं तर कॅलिपर, पिस्टन किंवा पिन. पाच मिनिटांच्या या तपासणीने नवा कॅलिपर उगाच घेणं वाचतं. पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवणारा दिसला तर त्याला थांबवा. कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधायला हवा, नाहीतर होज आतून फाटायला सुरुवात होते.

कोकणात हे जास्त का होतं, तर चार महिने पाऊस, खारी हवा आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाड्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, तेच पाणी आतून पिस्टनला गंजवतं. म्हणून गाडी कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावं. पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉनचं ग्रीस लावावं. बेअरिंगच्या साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात.

कधीकधी ब्रेक निर्दोषही असतो. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, आपण डावीकडून चालतो, म्हणून किंचित डावीकडे जाणं हा रस्त्याचाच उतार. ब्रेक न लावताही नेहमी ओढत असेल तर आधी दोन्ही टायरमधली हवा पाहा, मग पुढचे टायर डावे-उजवे बदला. ओढ बाजू बदलली तर टायर, नाही बदलली तर अलाइनमेंट. पण लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) रबरी बुश फाटला असेल तर तो हुबेहूब ब्रेकसारखाच फसवतो. ब्रेक लागताच चाक मागे ढकललं जातं, बुश ते धरून ठेवत नाही आणि चाकाची दिशा बदलते. फरक इतकाच की त्यात बऱ्याचदा खडकन आवाज येतो, आणि दोन्ही डिस्क सारख्याच तापलेल्या असतात.

माझ्या गाडीला उजवा कॅलिपर नवा बसला, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, कारण एकाच बाजूचे नवे घातले तर तीच बाजू वेगळं धरते. दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या सपाट रस्त्यावर दोन्ही हात स्टिअरिंगवर हलके ठेवून आधी ताशी ३०, मग ४०, मग ५० वरून ब्रेक लावून पाहिला. दुरुस्तीनंतर तुम्हीही असंच पाहा. नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसेपर्यंत जराशी ओढ जाणवू शकते. पण दाबल्याक्षणी एकच झटका आणि मग सरळ, असं होत राहिलं तर गॅरेजमध्ये विचारा, कॅलिपर नवा घातला तेव्हा होज जुनाच ठेवला का.